समुद्रसफरीचा जमाखर्च

प्रवास म्हटला कीं खर्च आलाच, आणि खर्च म्हटला कीं एकत्र कुटुंबांत त्याची वांटणी आलीच. तीन-चार माणसांचें सुटसुटीत कुटुंब शनिवारीं बेत करून रविवारीं निघूं शकतें. परंतु जेथें तीन बंधूंचे संसार, वृद्ध मातोश्री व चार मुलें एकाच छपराखालीं नांदतात, तेथें कोठें जावयाचें यापेक्षां कोणाला किती झेपेल हा प्रश्न आधीं उभा राहतो, आणि तो बहुधा कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. गेल्या वर्षीं आम्हीं मुंबईहून गोव्यापर्यंत व परत अशी आगबोटीची सफर सहकुटुंब केली. हल्लीं जिला सर्वजण ‘क्रूझ’ म्हणतात तीच ही. ती चैनीची गोष्ट आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र चैनहि हिशेबानें करतां येते, व हिशेब नीट ठेवला तर ती घरांतल्या सर्वांच्या वांट्यास येते, असा आमचा अनुभव असल्यामुळें तो वाचकांपुढें मांडीत आहों.

सफरीची कल्पना मुळांत मुलांची. पण तिला वजन आलें तें मातोश्रींच्या इच्छेमुळें. त्यांचें माहेर रत्नागिरीकडचें. कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली ती १९९८ सालीं. तत्पूर्वीं कित्येक पिढ्या कोंकणी माणूस आगबोटीनें मुंबईस ये-जा करीत असे. बोट खोल पाण्यांत उभी राहावयाची, उतारूंनीं पडावांतून किनारा गांठावयाचा, रात्रीं डेकवर वळकटी पसरावयाची आणि शिदोरींतल्या दशम्या सोडावयाच्या, ह्या आठवणी आम्हीं लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. ती उतारूंची वाहतूक बंद होऊन आतां कित्येक वर्षें लोटलीं. “एकदां त्या वाटेनें पुन्हां जावेंसें वाटतें,” असें त्या म्हणाल्यावर घरांत कोणासच नाहीं म्हणवेना.

नाहीं म्हणवेना, हीच तर अडचण होती. आमचे मधले बंधु बँकेंत चांगल्या हुद्द्यावर आहेत. कनिष्ठ बंधु खाजगी शिकवणीवर्गांत शिकवितात व त्यांची प्राप्ति महिन्यागणिक कमीअधिक होते. दरपत्रक घरांत येतांच कनिष्ठ बंधूंच्या पत्नी म्हणाल्या, “आपण सर्वजण जाऊन या. बाळची परीक्षा जवळ आली आहे, आणि घर राखावयासहि कोणी तरी पाहिजेच.” बाळ तिसरींत आहे, व सफर अद्याप दीड वर्ष दूर होती! ह्या बोलण्याचा अर्थ सर्वांस कळला. मधल्या बंधूंनीं “त्यांचा खर्च मी देतों” असें सांगून पाहिलें. परंतु तेंहि आम्हांस रुचलें नाहीं. एकाच्या पैशानें दुसऱ्यानें केलेली सहल चार दिवसांत संपते. पण तिच्यापायीं घरांत वर्षभर जपून बोलावें लागतें. म्हणून असें ठरलें कीं, सर्वांत कमी मिळविणाऱ्यास पेलेल इतका खर्च खालीं आणावयाचा, आणि तो येत नसेल तर बेत सोडून द्यावयाचा. बँकेंत एक आवर्ती ठेव उघडली. प्रत्येकानें आपल्या प्राप्तीच्या सारख्याच हिश्श्यानें तींत दरमहा भर घालावी असें केलें. कोणी किती घातले तें वहींत लिहिलें गेलें, पंक्तींत बोललें गेलें नाहीं.

आतां खर्च खालीं कसा आला तें सांगतों. पहिली गोष्ट काळाची. बोटीचें भाडें विमानाच्या तिकिटाप्रमाणें मागणी पाहून चढतें-उतरतें. ऐन दिवाळी, नाताळ व मे महिन्याची सुट्टी ह्या दिवसांत तें कडाडलेलें असतें. आमच्या मुलांच्या शाळेस दिवाळी सरल्यावरहि कांहीं दिवस सुट्टी असते. त्यांतले शनिवार-रविवार टाळून मधले वार आम्हीं धरले. पावसाळा संपून समुद्र निवलेला असतो, हा त्या दिवसांचा आणखी एक फायदा. अगदीं आयत्या वेळीं स्वस्तांत जागा मिळतात असें पुष्कळ सांगतात, व दोघांच्या जोडप्यास तें साधतहि असेल. परंतु अकरा माणसांस एकत्र जावयाचें तर आगाऊ आरक्षणावांचून गत्यंतर नाहीं, कारण तिघांच्या व चौघांच्या खोल्या थोड्या असतात व त्याच आधीं भरतात.

दुसरी गोष्ट खोल्यांची. जाहिरातींतील दर माणशीं असतो खरा, पण तो एका केबिनमध्यें दोघे आहेत असें धरून सांगितलेला असतो. एकट्या माणसानें केबिन घेतली तर बहुधा जवळजवळ दोघांचें भाडें पडतें. उलट तिसऱ्या व चौथ्या माणसास पुष्कळ सवलत मिळते. मातोश्रींस स्वतंत्र खोली द्यावी असें प्रथम सर्वांच्या मनांत होतें. पण त्यांनीं स्वतःच दोन्ही नातींना आपल्याकडे घेतलें, दोन्ही धाकट्या बंधूंनीं आपापल्या मुलास आपल्याजवळ ठेवलें, आम्ही उभयतां एका खोलींत राहिलों, आणि सहा खोल्यांचें काम चारांत भागलें. एकत्र कुटुंबास ह्या हिशेबांत मोठाच लाभ आहे.

केबिन आंतल्या बाजूची, खिडकीची व सज्जाची अशा चढत्या किमतीच्या असतात. आंतल्या खोलींत उजेड नसतो, पण तेथें आपण निजण्यापुरतेच जातों. उघडा डेक, वाचनाची जागा व भोजनगृह हीं सर्वांना सारखींच खुलीं असतात. आम्हीं तीन खोल्या आंतल्या घेतल्या व मातोश्रींची तेवढी खिडकीची घेतली. ज्यांच्या इच्छेसाठीं निघालों त्यांना अंथरुणावरून समुद्र दिसूं नये ही काटकसर नव्हे. खोल्या बोटीच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर मागितल्या, कारण तेथें हेलकावे कमी लागतात. आणि योगायोग असा कीं, खालच्या मजल्यावरच्या जागाच बहुधा स्वस्तहि असतात.

तिसरी गोष्ट पुरत्या बेरजेची. भाड्याच्या आंकड्यावर बंदराचे आकार, जीएसटी आणि माणशीं दर रात्रीची सेवकांची बक्षिशी हीं निराळीं चढतात. म्हणून दोन दरपत्रकांची तुलना करावयाची तर ती पहिल्या ओळीवरून करूं नये, शेवटच्या बेरजेवरून करावी. भाड्यांत मुख्य भोजनगृहांतलें जेवण व न्याहारी येते. खास उपाहारगृहें, बाटलींतलीं पेयें, इंटरनेट, काढून दिलेलीं छायाचित्रें व मालिश ह्यांचे पैसे वेगळे पडतात. हे पैसे रोख द्यावे लागत नाहींत, खोलीच्या कार्डावर चढतात, आणि म्हणूनच ते कळत नाहींत. आमच्या पुतणीनें रोज रात्रीं कचेरींत जाऊन खात्याचा उतारा आणण्याचें काम अंगावर घेतलें. पेयांचा ठोक पास घेण्याचा आग्रह झाला. पण मद्य आमच्या घरीं कोणी घेत नाहीं, व मुलांच्या सरबतांची सुटी किंमत त्याहून कमी भरली. जुगाराच्या दालनाकडे तर पाहण्याचेंहि कारण नव्हतें. समुद्रांत गेल्यावर भ्रमणध्वनि बोटीचें जाळें पकडतो व त्याचा आकार भारी पडतो. तेव्हां किनारा दृष्टिआड होण्यापूर्वींच सर्वांचे फोन विमानप्रवासाप्रमाणें बंद करून ठेवले. शाकाहारी जेवण व मातोश्रींची एकादशी ह्यांविषयीं आरक्षणाच्या वेळींच लेखी कळविलें होतें, त्यामुळें तेथें धांवाधांव झाली नाहीं.

चौथी गोष्ट किनाऱ्यावरची. बोटीच्या व्यवस्थापकांकडून मिळणारी गोव्याची सहल माणशीं आकारली जाते. अकरा माणसांना एक मोठी गाडी ठरवून फोंड्याकडे जाऊन मंगेशी व शांतादुर्गा ह्या देवस्थानांचें दर्शन घेणें आम्हांस पुष्कळ स्वस्त पडलें. मात्र ह्यांत एक जोखीम असते. बोटीच्या सहलीस उशीर झाला तर बोट सहसा थांबते. स्वतः गेलेल्यांसाठीं ती थांबत नाहीं. म्हणून ठरल्या वेळेच्या दोन तास आधीं मुरगांव बंदरांत परतावयाचें असा नियम केला, व एक देवालय पाहावयाचें राहिलें तरी तो मोडला नाहीं.

जेथें पैसे वांचवूं नयेत अशाहि जागा आहेत. ऐंशीच्या घरांतलें माणूस बरोबर असतांना प्रवासाचा विमा आणि तिकिट रद्द करण्याच्या अटी ह्यांकडे कानाडोळा करणें धोक्याचें. बोटीवरच्या डॉक्टरांचे पैसे भाड्यांत येत नाहींत. तसेंच बचावाची कवायत चुकवूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक उतारू प्राणांस मुकले, ही गोष्ट मातोश्रींनीं माहेरीं ऐकलेली. २०१२ सालीं इटलीच्या किनाऱ्यापाशीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसें गेलीं; त्यानंतर नियम कडक होऊन कवायत बोट सुटण्यापूर्वीं अथवा सुटतांच झाली पाहिजे असें ठरलें. इतर उतारू कंटाळून उभे असतांना आमच्या मातोश्रींनीं जीवरक्षक जाकीट कसें बांधावयाचें तें दोनदां विचारून घेतलें.

एवढें करून खर्च ठरविलेल्या मर्यादेच्या आंत राहिला. पण आमच्या मतें वहींतील मोठी जमा ती नव्हे. सफरीच्या दुसऱ्या दिवशीं कनिष्ठ बंधूंच्या पत्नी, ज्यांना घर राखावयाचें होतें त्याच, सर्वांस डेकवर बोलावून चहा घेण्याचा आग्रह करीत होत्या. यजमानाच्या हक्कानें बोलावीत होत्या, पाहुण्याच्या संकोचानें नव्हे. एकत्र राहणाऱ्या घरांत कोणाजवळ किती आहे हें सर्वांस ठाऊक असतें. तें ठाऊक असून कोणाची मान खालीं जाऊं नये एवढ्यासाठीं काटकसर करावयाची असते. पैसा राखणें हा तिचा अर्धा हेतु झाला. माणसें राखणें हा दुसरा, आणि त्याकरितां प्रसंगीं आपल्या ऐपतीहून साधी खोली घेण्याची तयारी मिळवत्या माणसानें आधीं दाखविली पाहिजे.

हिशेब पुरा झाल्यावर थोडी रक्कम शिल्लक राहिली. ती परत वांटून घ्यावी असें मधल्या बंधूंनीं सुचविलें. तेव्हां कनिष्ठ बंधूंच्या पत्नींनींच वही पुढें ओढली आणि नव्या पानावर, नव्या आवर्ती ठेवीच्या पहिल्या हप्त्यांत ती जमा मांडली.