तिखट मोदक

"बाहेरचं नको गं बाई," हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य. मामंजी गेल्याला दोन वर्षं झाली. देवळाखेरीज त्या कुठं म्हणून गेल्या नव्हत्या. परवा सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन परतताना आमच्या धाकटीनं सात रस्त्याजवळ मोमोसाठी हट्टच धरला. माझा अर्धवेळ शाळेचा पगार पर्समध्ये होता. म्हटलं, चला! साठ रुपयांत कोबी-गाजराचे सहा मोमो.

सासूबाई पदर सावरून बाकावर टेकल्या. झाकण निघालं, वाफ आली, तशा डोकावून म्हणाल्या, "अगं, हे तर तिखट मोदक!" खरंच की! आपली पारी कणकेची, ही मैद्याची, एवढंच. मोमो मूळचे तिबेट-नेपाळकडचे. उत्तर चीनमध्ये यांचेच भाऊबंद 'जियाओझी' नववर्षाच्या आदल्या रात्री घरची सगळी मिळून वळतात म्हणे. (लाल चटणी मात्र आपल्या शेंगाचटणीपुढं अगदीच फिकी.)

दोन मोमो खाऊन त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांना मोदक माझ्याच हातचे लागायचे." दोन वर्षांत मामंजींचा विषय त्यांनी प्रथमच काढला. मी पाण्याचा ग्लास पुढं केला.

उठताना गाडीवरच्या पोराला म्हणाल्या, "कळ्या जरा जवळजवळ पाड रे, म्हणजे फुटायचे नाहीत."