उसनं वय

लंडनच्या पिकॅडिलीवर सेंट जेम्स चर्चला लागून 195 क्रमांकाची इमारत आहे. बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचं, ते घर. त्यांचं पारितोषिक म्हणजे कांस्याचा एक मुखवटा. मिट्झी कनलिफ या शिल्पकर्तीने तो 1955 साली घडवला. फोटोत नेहमी दिसते ती त्याची समोरची बाजू. मला त्याची पाठ जास्त आवडते. तिथे एका डोळ्याभोवती पडद्याची खूण आहे आणि दुसऱ्याभोवती इलेक्ट्रॉनिक माध्यमाची. एक डोळा सिनेमाचा, एक टीव्हीचा. 1983 साली हा मुखवटा ‘गांधी’तल्या कस्तुरबांच्या भूमिकेसाठी एका पुणेकर मुलीला मिळाला, माहेरच्या रोहिणी ओक, सासरच्या रोहिणी हट्टंगडी यांना. त्या वर्षी सहायक अभिनेत्रीचा मान दोघींत वाटला गेला होता. दुसऱ्या होत्या ‘रेड्स’मधल्या मॉरीन स्टेपलटन. पुढे रोहिणीताईंच्या वाट्याला दोन्ही डोळे आले, पडदाही आणि टीव्हीही. पण त्या डोळ्यांना त्या तरुण अशा फारशा दिसल्याच नाहीत, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

रिचर्ड ॲटनबरोंच्या ‘गांधी’चं चित्रीकरण नोव्हेंबर 1980 ते मे 1981 असं चाललं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अल्काझींच्या हाताखाली तयार झालेली ही मुलगी तेव्हा ऐन तारुण्यात होती, आणि तिला कस्तुरबांचं सगळं आयुष्य चढत जायचं होतं, थेट आगाखान पॅलेसमधल्या शेवटच्या दिवसापर्यंत. कस्तुरबा गेल्या त्या पुण्यात, 22 फेब्रुवारी 1944 ला. म्हणजे पुण्याच्या मुलीने पुण्यातलंच मरण पडद्यावर नेलं. त्याच चित्रपटात गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते, आणि कपडेपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथय्या कोल्हापूरच्या. इंग्रजांच्या त्या चित्रपटात आपली माणसं बरीच होती.

मला त्यातला दक्षिण आफ्रिकेतला संडासाचा प्रसंग फार मोठा वाटतो. आश्रमात पाळीपाळीने सगळ्यांनी संडास साफ करायचा, आणि बायको ठाम नकार देते. नवरा तिला दंडाला धरून दाराकडे ओढतो. मग त्याचा त्यालाच धक्का बसतो. आरडाओरडा कुणीही करेल, पण भांडण निवल्यावर ती पदर सावरून उठते आणि आता आपल्याला त्या कामाला जायचंय असं सांगते, ते पाहावं. हरल्याची खूण नाही, जिंकल्याचीही नाही. संसार केलेल्या बाईचा तो आवाज होता, आणि रोहिणीताईंचा स्वतःचा संसार तेव्हा अगदी कोवळा होता.

कस्तुरबा खरोखर लंडनला आल्या होत्या, हे इथल्या कितीतरी मराठी माणसांना ठाऊक नसतं. दक्षिण आफ्रिका सोडून गांधीजी 1914 च्या ऑगस्टमध्ये इथे उतरले तेव्हा त्या सोबत होत्या. महायुद्ध नुकतंच पेटलं होतं, आणि डिसेंबरपर्यंत त्या याच शहरात राहिल्या. चित्रपटाने ते महिने गाळले आणि जोडप्याला थेट मुंबईच्या धक्क्यावर उतरवलं. 1931 मध्ये गांधीजी ईस्ट एंडच्या किंग्जली हॉलमध्ये राहिले, ती वारी सगळ्यांच्या लक्षात आहे. तेव्हा कस्तुरबा नव्हत्या.

आता त्याच चित्रपटात गांधीजी झालेल्या बेन किंग्जलींचं पाहा. त्यांनाही याच चित्रपटाने थेट अठ्ठ्याहत्तरीपर्यंत नेलं. पण 1983 मध्येच ते हॅरल्ड पिंटरच्या ‘बिट्रेयल’मध्ये लंडनचे मध्यमवयीन प्रकाशक झाले, नीटनेटका सूट, मनात जळफळाट. मेकअप पुसला की त्यांचं वय त्यांना परत मिळालं. रोहिणीताईंना मात्र ते कुणी परत केलंच नाही. 1984 मध्ये ‘सारांश’ आला. शिवाजी पार्कच्या घरात मेलेल्या मुलाची वाट पाहणारी पार्वती प्रधान, पुन्हा पांढरे केस. ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, वयाने त्यांच्याहून बऱ्याच लहान असून. ‘अर्थ’मधली मोलकरीण तेवढी त्यांच्या वयाच्या जवळची होती, आणि ती कुणी विसरलेलं नाही. कस्तुरबांनी त्यांना अडकवलं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. अडकवलं ते निर्मात्यांच्या आळसाने. एकदा चोख वठलेली म्हातारी हाताशी असली की नवा विचार कशाला करायचा?

पडद्याने जे दिलं नाही ते रंगभूमीने दिलं, आणि बरंचसं घरातूनच दिलं. जयदेव हट्टंगडी नाट्य विद्यालयातले सहाध्यायी, नंतरचे नवरा आणि दिग्दर्शक. त्यांच्या ‘चांगुणा’त, म्हणजे लोर्काच्या ‘येर्मा’च्या मराठी रूपात, मुलासाठी तळमळणारी बाई रोहिणीताईंनी केली. पुढे सिनेमाने जिला फक्त आई केलं, तिने रंगमंचावर मूल नसलेलीचं दुःख आधीच उभं केलं होतं. आणि ‘गांधी’चं चित्रीकरण संपलं त्याच 1981 मध्ये त्या विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात कॉलेजातली मित्रा झाल्या, मुलीवर प्रेम करणारी मुलगी. एकाच वर्षात कस्तुरबा आणि मित्रा! लंडनमध्ये एखादी नटी एका हंगामात असं करती तर तिच्यावर पुस्तकं निघाली असती.

2008 मध्ये जयदेव गेले. रोहिणीताई काम करत राहिल्या. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चाललं, मग ‘होणार सून मी ह्या घरची’मधली आईआजी आली. आमच्या इकडच्या घरांतून ती मालिका रोजच्या जेवणासोबत पाहिली जायची. ‘ह्या सासूबाईंना बाफ्टा?’ असं एका तरुण मुलाने गणपतीच्या कार्यक्रमात मला अगदी निरागसपणे विचारलं होतं. त्याला काय सांगणार? त्याने पाहिलेलं सगळं खरंच होतं, फक्त अर्धं होतं.

तेव्हा इथल्या मंडळींना एक विनंती. रोहिणीताई कधी लंडनला आल्या आणि तुम्ही त्यांना व्यासपीठावर बोलावलंत, तर आईआजीचे संवाद म्हणायला लावू नका. त्यांना चांगुणेबद्दल विचारा, मित्राबद्दल विचारा, आणि माईक पुरेसा वेळ त्यांच्याच हातात राहू द्या.