‘इतर’ला दहा टक्के

टूर द फ्रान्समधल्या सपाट टप्प्याइतका कंटाळवाणा खेळ शोधून सापडणार नाही. चार तास नुसती शेतं, सूर्यफुलं, गावागावांतली चर्चं आणि त्यांतून सरकणारा सायकलींचा एक भलामोठा घोळका. सुरुवातीलाच दोन-चार जण पुढे निसटतात. हा ‘ब्रेकअवे’. मागचा घोळका, म्हणजे पेलोटॉन, त्यांना थोडी मिनिटं पुढे राहू देतो आणि शेवट जवळ आला की गिळून टाकतो. मग काही किलोमीटर जीवघेणी घुसाघुशी आणि शेवटची दहा-बारा सेकंदं स्प्रिंट. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आलेले असतात आणि ताटातला भात गार झालेला असतो.

कंटाळा येतो कारण हे सगळं आधीच ठाऊक असतं. रोबेर शापात नावाचे एक फ्रेंच सायकलपटू होते, पुढे ते टीव्हीवर समालोचन करायचे. त्यांचा आडाखा आजही वापरतात: पेलोटॉनने मनावर घेतलं तर दर दहा किलोमीटरमागे तो एक मिनिट भरून काढतो. दहा किलोमीटर उरलेत आणि पुढच्यांकडे मिनिटभराचीही आघाडी नाही, तर समजायचं, संपलं. हे हवेमुळे होतं. बर्ट ब्लोकेन यांच्या चमूने २०१८मध्ये १२१ सायकलस्वारांच्या पेलोटॉनचा अभ्यास केला. एकट्या सायकलस्वाराला हवेचा जेवढा विरोध होतो, त्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के विरोध घोळक्याच्या आत खोलवर असलेल्याला होतो, असं त्यांना दिसलं. पुढे पळणारे तिघं हवा फोडत दमतात आणि मागचे पावणेदोनशे आळीपाळीने काम वाटून घेतात. गणित सोपं आहे.

म्हणजे ‘काय होईल’ याचं उत्तर सकाळीच तयार असतं: स्प्रिंट होईल. ‘कोण जिंकेल’ याचं मात्र शेवटच्या पन्नास मीटरपर्यंत नसतं. मी हे टप्पे बघते ते या दोन प्रश्नांमधल्या अंतरासाठी.

आम्ही कॉलेजचे तीन मित्र यावर एक खेळ खेळतो. टप्प्याच्या आदल्या रात्री ग्रुपवर एकच नाव टाकायचं नाही, शंभर टक्के वाटून टाकायचे. अमक्याला ३५, तमक्याला २०, असं. गुण मोजायची पद्धत ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानतज्ज्ञाची. पावसाचे अंदाज किती चांगले होते हे तपासायला त्याने १९५०मध्ये ती मांडली. प्रत्येक नावापुढचा अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल यांतल्या फरकाचा वर्ग करायचा. ज्याला ८० टक्के दिले तो जिंकला तर फरक ०.२, वर्ग ०.०४. हरला तर फरक ०.८, वर्ग ०.६४. सोळा पट दंड. महिनाभर हा खेळ खेळला की छातीठोकपणे बोलायची सवय आपोआप सुटते.

टक्के वाटताना मी पायांतली ताकद शेवटी बघते. आधी शेवटच्या तीन किलोमीटरचा नकाशा: किती वळणं, रस्ता कुठे अरुंद होतो, शेवटचं वळण रेषेपासून किती लांब. मग वारा. मग कोणाच्या पुढे कोण आहे ते. स्प्रिंटर साधारण शेवटच्या दोनशे मीटरला वाऱ्यात येतो. तोवर त्याचे सोबती त्याला आपल्या मागे लपवून आणत असतात. याला लीड-आउट म्हणतात. २०२३मध्ये यास्पर फिलिप्सनने टूरचे चार टप्पे जिंकले तेव्हा त्याच्यासाठी वाट काढायला माथ्यू व्हान डेर पुलसारखा माणूस होता. २०२१मध्ये मार्क कॅव्हेंडिशने चार जिंकले तेव्हा पुढे मिकाएल मोर्कोव होता. बक्षीस घेताना व्यासपीठावर एकच जण दिसतो, म्हणून आपण एकट्याचंच नाव लिहितो.

एवढं बघूनही वारा काय करू शकतो, ते ५ जुलै २०२५ला लीलमध्ये दिसलं. पहिलाच टप्पा, सपाट, आणि तीन मोठी नावं: फिलिप्सन, टिम मर्लिएर, जोनाथन मिलान. शेवटच्या वीसेक किलोमीटरमध्ये बाजूने वारा सुटला, पुढच्या संघांनी अचानक वेग वाढवला आणि पेलोटॉन फाटला. मर्लिएर आणि मिलान मागच्या तुकड्यात अडकले. फिलिप्सन पुढे होता, तो जिंकला. स्प्रिंट होणार होती, स्प्रिंटच झाली. पण तिघांतले दोघं रेषेपासून कितीतरी आधीच बाद झाले होते. तिसऱ्या टप्प्यात, हिरवी जर्सी अंगावर असताना, मधल्या एका स्प्रिंटला फिलिप्सन पडला. त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं आणि त्याची टूर संपली. त्या दिवशी डंकर्कमध्ये मर्लिएर जिंकला.

आमच्या ग्रुपमधल्या एकाला ही टक्केवारी मुळातच पटत नाही. “पळवाट आहे ही,” तो म्हणतो. “कोणीही जिंकला तरी तू म्हणणार, मी त्याला थोडे दिलेच होते की.”

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एका टप्प्यापुरतं बघितलं तर ते खरंच आहे. ज्याला ३० टक्के दिले तो हरला, तर मी बरोबर होते की चूक हे त्या एका दिवसावरून सांगताच येत नाही. पण मी सगळ्या याद्या जपून ठेवते. ज्यांना ज्यांना ३०च्या आसपास दिले, त्या सगळ्यांतले दहातले तीन जिंकले का? हा हिशेब मांडता येतो आणि त्यात कोणालाही लपता येत नाही. उलट एकच नाव सांगणाऱ्याची सोय जास्त. जिंकला तर “मी म्हटलंच होतं”, हरला तर विषय बंद. ऑफिसातही हेच चालतं. काम कधी होईल, असं विचारल्यावर “शुक्रवारपर्यंत व्हायची सत्तर टक्के शक्यता” म्हटलं की मी टाळाटाळ करतेय असं लोकांना वाटतं. नुसतं “शुक्रवारी” म्हणणारा खात्रीचा वाटतो. शुक्रवार उलटल्यावर तो सोमवार म्हणतो, तोही तितक्याच खात्रीने.

पण या वादाची खरी परीक्षा ३ जुलै २०२४ला झाली. सँ-व्ह्युल्बाचा टप्पा. टूरमध्ये सर्वाधिक टप्पे जिंकण्याचा एडी मेर्क्सचा ३४चा आकडा १९७५पासून तसाच होता. कॅव्हेंडिशने २०२१मध्ये त्याची बरोबरी केली. २०२२मध्ये त्याला संघाने टूरला नेलं नाही. २०२३मध्ये तो दुसऱ्या संघातून आला, बोर्डोला दुसरा आला आणि दुसऱ्याच दिवशी पडून गळपट्टीचं हाड मोडून घरी गेला. निवृत्ती जाहीर केली होती, ती त्याने वर्षभर पुढे ढकलली. २०२४मध्ये तो ३९ वर्षांचा होता. पहिल्याच दिवशी रिमिनीच्या वाटेवर उन्हात त्याला उलट्या झाल्या. सोबती थांबत थांबत त्याला वेळेच्या मर्यादेत घेऊन आले. चार दिवसांनंतरच्या त्या टप्प्यासाठी माझ्या यादीत त्याच्यापुढे ४ होते.

शेवटच्या गर्दीत तो एका चाकामागून दुसऱ्या चाकामागे सरकत गेला, मोकळी जागा दिसताच सुटला आणि फिलिप्सनला मागे टाकून जिंकला. पस्तिसावा. ग्रुपवर एकच शब्द आला: “चार?”

हो, चार. आजही मी चारच देईन. चार टक्के म्हणजे पंचविसात एकदा, आणि हा तो एकदा होता. पण त्या रात्री मला त्या आकड्याकडे जरा वेगळं बघावंसं वाटलं. कॅव्हेंडिशच्या संघाने त्या एका विजयासाठी अख्खी तयारी केली होती. मोर्कोवला पुन्हा त्याच्यासोबत आणलं होतं. रिमिनीच्या चढांवर त्याच्यासाठी मागे राहिलेल्यांनी मला नकळत तो आकडा थोडा थोडा वर ढकलला होता. मला माझ्या जागेवरून जेवढं दिसत होतं, त्याची बेरीज चार आली. चार हे माझ्या नजरेचं माप होतं. ते कॅव्हेंडिशचं माप आहे असं मी समजले असते, तर मित्राची टीका खरी ठरली असती.

म्हणून माझ्या यादीत शेवटी एक ओळ असते: इतर. तिथे मी कधीच दहापेक्षा कमी देत नाही. ५ ऑगस्ट २०२०ला पोलंडमध्ये, कातोविचेच्या उतारावरच्या स्प्रिंटमध्ये डायलन ग्रुनवेगनने रेषा सोडली आणि फाबियो याकोब्सन कठड्यावर आदळला. त्याला कोमात ठेवावं लागलं. ग्रुनवेगनला नऊ महिन्यांची बंदी झाली. त्या संध्याकाळी या दोघांच्या पुढच्या विजयाचे टक्के कोणी मागितले असते, तर प्रश्नच निर्दय वाटला असता. २०२२ची टूर डेन्मार्कमधून सुरू झाली. दुसरा टप्पा याकोब्सनने जिंकला. तिसरा, दुसऱ्याच दिवशी, ग्रुनवेगनने.

‘इतर’मधलं कोणी बहुतेक वेळा जिंकत नाही. ब्रायरच्या हिशेबाने दहा टक्क्यांचा वर्ग ०.०१, म्हणजे जवळजवळ प्रत्येक टप्प्याला मला तेवढा दंड बसतो. मित्र दर सीझनच्या शेवटी तो जोडून दाखवतो. मी भरते.