एकेका खांद्यावर एकेक

काकूला तिळं झालं ते १९८०च्या थंडीत. दोन मुली आणि एक मुलगा. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात आम्ही चुलत-आते भावंडं तेव्हा आठ ते पंधरा वर्षांची होतो, म्हणजे कडेवर बाळ द्यावं इतपत मोठी. उपचारांनी होणारी जुळी-तिळी त्या काळी फारशी ऐकू येत नसत. डॉक्टरांचा जुना ठोकताळा असा की साधारण आठ हजार बाळंतपणांत एखादं तिळं. त्यामुळे बातमी पेठभर व्हायला वेळ लागला नाही. बाळं दीड-पावणेदोन किलोची. काचेच्या पेटीतून बाहेर आली, घरी आली आणि आजीने पहिलं फर्मान काढलं ते बघायला येणाऱ्यांसाठी: पाय धुवायचे, लांबून बघायचं, आणि ‘बाई गं, तीन!’ असं मोठ्याने म्हणायचं नाही.

काकांनी रेशनकार्डावर एकदम तीन नावं चढवली. साखर तेव्हा दरडोई मिळायची. सणाला जादा साखर सुटली की तिळ्यांच्या वाट्याचीही घरात येई. ‘पोरांनी आपल्या मोदकांची सोय आपणच केली,’ असं आजी कौतुकाने सांगायची.

तरीही तिळ्यांचं घर आणि गणपती यांचा मेळ घालणं सोपं नव्हतं. भाद्रपदात पुण्यात ऊन असं पडतच नाही. तीन बाळांची दुपटी आणि लंगोट ओटीपासून माडीपर्यंत दोऱ्यांवर लोंबत असायचे आणि वाळता वाळायचे नाहीत. मग आजी शेगडीत निखारे घालायची, त्यांवर वेताची मोठी टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर लंगोट पसरायची. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं. कापड शेकून निघे तेव्हा त्याला त्या धुरीचा वास लागलेला असे. गणपतीच्या दिवसांत त्यात उदबत्ती, केवडा आणि उकड काढल्याची वाफ मिसळायची. आम्हा भावंडांपैकी कुणालाही आज विचारा, गणपतीचा वास कसला, तर आम्ही ओव्यापासूनच सुरुवात करू.

मखर आम्ही मुलं करायचो. थर्माकोल नुकताच घराघरात आला होता, पण पताका अजून घोटीव कागदाच्याच, आणि चिकटवायला मैद्याची खळ. खळीला किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायची पद्धत होती. मोरचूद विषारी. तिळी रांगायला लागली त्या वर्षी काकूने मोरचुदाची पुडीच घरातून काढून टाकली. ‘रोज ताजी खळ शिजवून देईन, पण हे नको,’ म्हणाली. आणि खरंच, दिवसभर तीन पोरांच्या मागे धावून रात्री दहाला ती आमच्यासाठी स्टोव्हवर खळ ढवळत उभी राहायची. बोटाने बघायची, गुठळी राहिली असेल तर वाटीने चेपायची. आरास बघायला येणाऱ्यांनी मखराचं कौतुक केलं, आमच्या हातांचं केलं. त्या खळीबद्दल कुणी कधी काही बोललं नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. नळावरून, पूर्वीच्या विहिरीच्या जागेवरून, खडे घेऊन येणाऱ्या मुलीने मुक्याने यायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. दारात तिच्या पायांवर पाणी घालायचं, मग रांगोळीच्या पावलांवरून आत. थोरल्या ताईने ताम्हन हातात घेतलं की तिळी तिच्या मागे निघायची आणि काहीतरी विचारत राहायची. ताई बोलत नाही हे त्यांना पटायचंच नाही. शेवटी मधली रडायला लागायची, आणि ताई डोळ्यांनी काकूला खुणावत, ओठ घट्ट मिटून, पावलं टाकत राहायची. दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला की हीच मधली ताईच्या मांडीवर बसून जेवायची.

पण खरा प्रश्न देखावे बघायला जायचा. पुण्यात गणपती म्हणजे रात्री चालायचं. मंडईत शारदेसह बसलेला गजानन, तुळशीबागेत तुळशीबाग गणपती, दगडूशेठ, नातूबागेची रोषणाई, मग गल्लीबोळातून नेम नसलेली वाट. गर्दी अशी की मोठ्या माणसाचाही हात सुटावा. तिळ्यांना घेऊन जायचं तर एकेका पोराला एक माणूस हवा आणि वर एक माणूस मोकळा हवा. आजोबांनी वाटणी लावून दिली. थोरली काकांच्या खांद्यावर, मधली आत्याकडे, धाकटा आम्हा मुलांकडे आळीपाळीने. मोकळा माणूस म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडातले मास्तर. ते फक्त मोजायचे. दर चौकात थांबून ‘एक, दोन, तीन’ म्हणायचे आणि मगच पुढे निघायचे. तिघांना एकाच ताग्यातलं कापड शिवलेलं असे, कारण तेच स्वस्त पडे. दोघी मुली अशा सारख्या होत्या की आजीने त्यांच्या पायांत वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले होते, थोरलीला लाल, मधलीला पिवळा. तिघांच्याही खिशात पत्त्याची चिठ्ठी.

१९८४ साली मधली हरवली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोयुझ यानातून अंतराळात जाऊन आले होते आणि एका मंडळाने यानाचा हलता देखावा केला होता. पडदा सरकला, धूर निघाला, गर्दीचा एकदम लोंढा आला आणि आत्याच्या हातातून बोटं निसटली. मास्तरांचं ‘तीन’ आलंच नाही. काका थोरलीला खांद्यावर घेऊन तसेच मांडवाशेजारच्या चौकीत गेले. माइकवर एक कार्यकर्ता मुलगा बसला होता. त्याने वही पुढे ओढून विचारलं, ‘मुलगी दिसायला कशी?’ काकांनी थोरलीला खांद्यावरून उतरवून त्याच्यासमोरच्या टेबलावर उभं केलं. म्हणाले, ‘अशी.’

त्याला वाटलं, सापडलेली मुलगी हीच. काकांनी थोरलीचा फ्रॉक दाखवला, पाय दाखवला. ‘हीच, फक्त पायात दोरा पिवळा.’ मग त्या मुलाने जी घोषणा केली ती आमच्या घरात आजही जशीच्या तशी म्हटली जाते: ‘निळ्या फ्रॉकमधली, साडेतीन वर्षांची, पायात पिवळा दोरा असलेली मुलगी हरवली आहे. तिची बहीण चौकीवर उभी आहे, ओळख पटवण्यासाठी बघून जावे.’ आणि लोक खरोखर येऊन बघून गेले. फुगेवाले, भेळवाले, शेजारच्या मंडळाचे कार्यकर्ते थोरलीचं तोंड नीट न्याहाळून गर्दीत शिरले. थोड्याच वेळात एका फुगेवाल्याने मधलीला आणून तिच्या शेजारी टेबलावर उभं केलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मधलीने आधी हातातला फुगा बहिणीला दिला. आत्या तिथेच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. फुगेवाल्याने पैसे घेतले नाहीत. आजीच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी काका त्याला शोधत गेले आणि मोदकांचा डबा देऊन आले.

या सगळ्यात काकू नसायची. तीन पोरांतलं एखादं तरी तापाने फणफणलेलं असायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशीचं सोवळ्याचं तिच्याकडे असायचं. विसर्जनाच्या दिवशी तर आम्ही सकाळीच लक्ष्मी रस्त्यावर जागा धरायला पळायचो. पहिला मानाचा कसबा, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. त्यांच्यामागे रात्रभर बाकीची मंडळं, दुसऱ्या दिवसापर्यंत. ध्वनिक्षेपकांचे हल्लीचे नियम २००० सालचे. तेव्हा रात्र संपेपर्यंत गाणी आणि ढोल. तिळी त्या आवाजात गाढ झोपायची आणि मिरवणुकीत खंड पडून शांत झालं की दचकून उठायची. काकू माडीच्या खिडकीशी, एक मांडीवर, दोन शेजारी, अशी बसलेली असे. ताशाच्या चालीवरून कोणतं पथक असेल ते ती सांगायची. आम्ही पहाटे पाय ओढत घरी यायचो तेव्हा आम्हीच तिला विचारायचो, अमुक मंडळ पुढे गेलं का, आणि तिला माहीत असायचं. उत्सवाच्या आठवणी सांगताना आम्ही रस्त्यांच्या सांगतो, रोषणाईच्या सांगतो. पण आमच्या पिढीला तो रस्ता रात्रभर मोकळा मिळाला तो घरी थांबलेल्या बायकांमुळे. प्रत्येक वाड्यात एक तरी काकू अशी खिडकीशी होती.

१९९२ साली तिळी सहावीत होती आणि तिघंही शाळेच्या लेझीम पथकात निवडली गेली. तोवर आमच्यातली काही नोकरीला लागली होती, ताईचं लग्न झालं होतं. त्या वर्षी काकांनी आपणहून सांगितलं की घर मी बघतो. आजीला सकाळची चटणी-पोळी हवी होती ती त्यांनीच केली. काकू ठेवणीतलं इरकल नेसून आमच्याबरोबर निघाली. कुंटे चौकात ताईने तिच्यासाठी दुकानाच्या पायरीवर जागा धरली होती. पथक आलं. दोघी मुली पुढच्या रांगेत, धाकटा मागच्या टोकाला. काकूने तिघांना हाका मारल्या, पण लेझमीच्या आवाजात एकालाही ऐकू गेल्या नाहीत. मग ती पायरीवरून उतरली आणि पथकाच्या कडेकडेने चालायला लागली. थेट अलका टॉकीजच्या चौकापर्यंत चालत गेली. आम्ही तिला घरी नेऊ पाहत होतो, ती ऐकेना. मुलांना ताईबरोबर घरी धाडलं आणि स्वतः रात्रभर थांबली. दगडूशेठ गेल्यावर सकाळी घरी आली. पायातली एक चप्पल तुटलेली होती. काकांनी दिलेला चहा उभ्यानेच घेतला आणि म्हणाली, ‘पुढच्या वर्षी उंबऱ्या गणपती चौकात जागा धरा. कुंटे चौकातून लेझीम नीट दिसत नाही.’