मैलाला पंचेचाळीस पेन्स

महिनाअखेर आली की माझ्याकडे प्रवासखर्चाचे फॉर्म सहीला यायचे. कोण कुठून कुठे गेला, किती मैल, कशासाठी. इथे इंग्लंडात स्वतःची गाडी कंपनीच्या कामाला वापरली की कंपनी मैलामागे पैसे देते. करखात्याने २०११ साली हा करमुक्त दर ४० पेन्सवरून ४५ वर नेला, तोही वर्षाच्या पहिल्या १०,००० मैलांपुरता, पुढे २५. मी नकाशा उघडून मैल मोजायचो. एकाने लीड्सच्या फेरीत चार मैल जास्त लावले म्हणून त्याचा फॉर्म परत पाठवला होता. चार मैल म्हणजे एक पौंड ऐंशी पेन्स!

गाडीबद्दल मात्र कधी कोणाला एक अक्षर विचारलं नाही.

अशा गाड्यांना इथे 'ग्रे फ्लीट' म्हणतात. करडा ताफा. ना धड कंपनीचा, ना नुसता घरचा. कंपनीची गाडी असेल तर तिचं सर्व्हिसिंग, टायर, विमा बघायला कोणीतरी नेमलेला असतो. घरच्या गाडीचं ज्याचं तो जाणे. माझा मामा औषध कंपनीत एमआर होता. स्वतःची चेतक घेऊन पंढरपूर, बार्शी, करमाळा असा फिरायचा. त्याच्या पेट्रोलच्या पावत्या त्याचा साहेब भिंगातून बघायचा, पण ब्रेक लागतो का हे त्याने कधी विचारलं नाही. मामा ते मिशा पिळत हसून सांगायचा. मीही साहेब झालो आणि तेच केलं.

तर झालं काय, आमच्याकडे एक पोरगा होता. नाव कशाला, साताऱ्याचा म्हणून आपण त्याला सातारकर म्हणू. हुशार, कामाला वाघ. भारतातल्या लायसनवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, नंतर इथली परीक्षा द्यावी लागते. आपल्या लायसनची नुसती अदलाबदल होत नाही. त्याने ती परीक्षा दुसऱ्या खेपेला पास केली, पेढे वाटले आणि दहा वर्षं जुनी फोक्सवॅगन घेतली. आता साइटवर मी जातो म्हणाला. मलाही बरंच झालं.

कार्लाइलजवळ एका पंपिंग स्टेशनच्या कंट्रोल पॅनेलचं कमिशनिंग होतं. पाणी कमी लागतं म्हणून अशी कामं रात्रीच करतात. सातारकर दिवसभर ऑफिसात बसून संध्याकाळी निघाला. निघताना त्याने विचारलं होतं, "हॉटेल बुक करू का?" मी म्हणालो, "पहाटे मोकळा होशील, दोन तासांवर तर घर आहे." खोली होती सत्तर पौंडांच्या आसपास. हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात घोळवलं असेल, त्याची मोजदाद नाही.

काम संपायला साडेचार वाजले. एम-सिक्स मोटरवेवर शॅपचा चढ, मग टेबेला थांबायची जागा. तिथे कॉफी घ्यायचं त्याने ठरवलं होतं, पण घर जवळ आल्यासारखं वाटलं म्हणून थांबला नाही. लँकेस्टरच्या अलीकडे डोळा लागला. कडेच्या खरबरीत पट्ट्यावर चाक गेलं, त्या आवाजाने दचकून उठला, स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी मधल्या कठड्यावर घासत गेली. मनगट मोडलं, दोन बरगड्यांना चीर गेली. मागून कोणी येत नव्हतं. बस्स, एवढंच नशीब.

खरी गंमत (गंमत म्हणायची आपली पद्धत) पुढेच आहे. पोलिसाने विचारलं, कुठून येतोयस? हा साधासुधा, म्हणाला, कामावरून. कुठल्या कामावरून? सगळं सांगितलं. इथल्या विम्यात गाडी कशासाठी वापरणार हे लिहिलेलं असतं. घरगुती वापर, ऑफिसला जाणं-येणं, आणि 'बिझनेस'. ऑफिसला जाणं-येणं म्हणजे नेहमीच्या एका जागी. साइटवर जायचं तर तिसरा प्रकार लागतो. सातारकराकडे पहिले दोनच होते. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्या रात्री गाडीला विमाच नव्हता. ३०० पौंड दंड आणि लायसनवर ६ गुण. आणि पहिली परीक्षा पास होऊन दोन वर्षं व्हायच्या आत ६ गुण झाले की लायसनच रद्द होतं. १९९५ चा कायदा आहे तो. पुन्हा शिकाऊ लायसन, पुन्हा लेखी, पुन्हा गाडीवर लाल एल.

मी कायदा वाचायला बसलो तेव्हा घाम फुटला. विम्याशिवाय गाडी चालवणं हा जसा गुन्हा, तसंच दुसऱ्याला ती चालवायला लावणं किंवा चालवू देणं हाही. १९८८ चा रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट. चालवायला लावणारा कोण? सही कोणाची? शिवाय १९७४ चा कामाच्या सुरक्षिततेचा कायदा रस्त्यावरही लागू होतो, गाडी कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. आमच्यावर खटला झाला नाही. त्याच दुपारी मी स्वतःची पॉलिसी काढून बघितली. 'बिझनेस' नव्हतं! नऊ वर्षं सहकाऱ्यांना शेजारी बसवून मी साइटवर हिंडत होतो. फोन केला, पाच मिनिटांत वाढवून मिळालं. पौंड चौदा.

मग बैल गेला नि झोपा केला. (इथे बैल झोपेनेच गेला, ते सोडा.) आता वर्षातून दोनदा प्रत्येकाचं लायसन ऑनलाइन बघतो. त्यासाठी चालकाने स्वतः सरकारी साइटवरून एक कोड काढून द्यायचा असतो, तो २१ दिवस चालतो. एमओटी नुसत्या गाडीच्या नंबरवरून कळते. विम्याच्या कागदावर 'वापर' हा एकच परिच्छेद वाचतो. टायरच्या खाचेत २० पेन्सचं नाणं घालायचं, त्याची कड बाहेर दिसली तर टायर तपासून घ्यायचा, कारण खाच किमान १.६ मिलिमीटर लागते. आमचा एक जुना गोरा इंजिनियर भडकला. "माझी गाडी, तुम्ही कोण बघणार?" त्याच्याच मागच्या टायरमध्ये तार दिसत होती. बदलला, पण महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

हे सगळं सोपं आहे हो. एका दुपारचं काम. पण सातारकराचे सगळे कागद चोख असते तरी तो त्या पहाटे झोपलाच असता. तो टायरमुळे आपटला नाही, माझ्या वेळापत्रकामुळे आपटला. त्यासाठी वरच्या साहेबाशी भांडावं लागलं. कामाचे आणि गाडीचे तास एकत्र धरायचे, रात्रपाळीनंतर कोणी गाडी चालवत परत यायचं नाही. "बजेट?" तो म्हणाला. मी कठड्याच्या दुरुस्तीच्या बिलाचा आकडा सांगितला. तेव्हा कुठे मान हलली. मनगटाचा आकडा त्याने विचारला नाही.

सातारकराला पुन्हा लायसन मिळायला सात महिने लागले. तोवर सकाळी मी त्याला घरून उचलायचो. त्याची बायको दारापर्यंत यायची. कधी काही बोलली नाही, उलट डब्यात माझ्यासाठी दोन थालीपीठं जास्त असायची. ती खाणं काही सोपं नव्हतं.

गेल्या मंगळवारी तो परत त्याच पंपिंग स्टेशनला गेला. सकाळी सहाला फोन वाजला आणि माझ्या काळजात धस्स झालं. "दादा, काम झालं. हॉटेलवर आलोय, झोपतो आता. नाश्ता बिलात धरलाय, चालेल ना?"

बिल आलंय. अडुसष्ट पौंड, नाश्ता धरून. नकाशा न उघडता सही केली.