रोजमेळ आणि खातेवही

रस्ता रुंदीकरणात जुन्या दुकानाचा पुढचा भाग जाणार, अशी नोटीस आली आणि माळ्यावरचे सामान उतरविण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी चार पिढ्यांचा हा कापडाचा व्यापार. सध्या तो सांभाळणारे गृहस्थ साठी ओलांडलेले. घरीदारी सारे त्यांना ‘भाऊ’ म्हणतात. माळ्यावरून लोखंडी गज निघाला, एक पितळी कुलूप निघाले आणि लाल कापडात बांधलेल्या एकोणतीस वह्या निघाल्या. रद्दीवाला काटा घेऊन दारात उभा होता. भाऊंनी सहज एक वही उघडली. पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी आणि अभयकुमारांची बुद्धी लाभो, अशी प्रार्थना कोणीतरी वळणदार अक्षरात लिहिली होती. ते अक्षर पणजोबांचे असावे, या विचाराने भाऊंचा हात थांबला. रद्दीवाला रिकामाच परत गेला.

घरची कथा सर्वांना पाठ होती. मारवाडात छप्पनियाचा दुष्काळ पडला, पणजोबा दोरी-लोटा घेऊन एकटेच दक्षिणेत आले आणि शून्यातून त्यांनी दुकान उभे केले. लग्नकार्यात, दुकानाच्या वर्धापनदिनी हीच कथा सांगितली जाई. लहानपणी घरी आलेल्या भाटाने आपल्या बहीतून वाचून दाखविलेली सात पिढ्यांची नावेही भाऊंना तोंडपाठ होती. वही वाचू लागेपर्यंत त्यांना यापेक्षा अधिक काही जाणून घ्यावेसे वाटले नव्हते.

वाचणे मात्र सोपे नव्हते. जुन्या वह्या महाजनी मुडिया लिपीत लिहिलेल्या, आणि त्या लिपीत मात्रा-वेलांट्या देण्याचा प्रघात नाही. ‘काकाजी अजमेर गेले’ असे लिहिलेले पत्र ‘काकाजी आज मेले’ असे वाचून घरात रडारड झाली, हा विनोद व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. तो उगीच नाही. गावातील एका वृद्ध मुनीमजींना ही लिपी अवगत होती. रोज दुपारी तासभर ते येऊन बसत आणि नातू मोबाइलवर एकेका पानाचे छायाचित्र घेऊन त्यांनी सांगितलेले वाचन वहीत उतरवून घेई.

तिथ्यांचाही घोळ होताच. संवत 1956 म्हणजे 1899-1900, हे ढोबळ गणित ठीक. विक्रम संवतातून 57 किंवा 56 वजा केले की इसवी सन मिळतो. परंतु गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, तर मारवाडी पंचांगात चैत्रात. त्यामुळे चैत्र ते आश्विन या महिन्यांत दोन्हीकडच्या संवताच्या आकड्यात एकाचा फरक पडतो. शिवाय मारवाडी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून दिवाळीची अमावास्या तेथे कार्तिक वदी आणि येथे आश्विन वद्य. मुनीमजींचा आग्रह असे, की वहीतील मिती जशीच्या तशी लिहावी आणि आपला अर्थ शेजारी वेगळा मांडावा. मूळ नोंद आणि आपला तर्क एकमेकांत मिसळला, तर पुढच्या पिढीला चूक शोधताच येत नाही.

संवत 1957च्या रोजमेळात एक नोंद सापडली. जमेच्या बाजूला रुपये 151, आणि नावाच्या जागी फक्त पाच अक्षरे : स, र, ज, ब, ई. सूरजबाई म्हणावे की सरजूबाई? पुढे खतावणीचे पान दिले होते, सतरा. म्हणजे ज्या दुकानाची कथा शून्यापासून सुरू होत होती, त्याच्या पहिल्याच वर्षी कोणा स्त्रीची रक्कम भांडवलात जमा होती. ही बाई कोण? भाटाने सांगितलेल्या सात पिढ्यांत एकाही स्त्रीचे नाव नव्हते. सोयरीक जमविताना चार गोते टाळायची, म्हणून पणजी, आजी, आई यांची माहेरची गोते घरात ठाऊक होती; पणजीचे नाव मात्र कोणालाच सांगता येईना. गोत राहिले, नाव गेले.

खरे तर आपल्या परंपरेत असे व्हायला नको होते. शेकडो वर्षांपूर्वीच्या धातुप्रतिमांच्या पाठीवरील लेखांत श्रेष्ठीच्या नावाबरोबर त्याच्या भार्येचे नाव कोरलेले आढळते. कित्येक लेखांत आईवडिलांच्या श्रेयार्थ प्रतिमा भरविल्याचा उल्लेख असतो. हस्तलिखितांच्या अखेरच्या प्रशस्तींतही ग्रंथ लिहवून घेणाऱ्या श्राविकांची नावे येतात. पुण्यकार्याच्या नोंदीत स्त्री टिकली आणि वंशाच्या नोंदीत हरवली.

सतराव्या पानाचे उत्तर खातेवहीत होते, आणि खातेवह्या भाऊंकडे नव्हत्या. 1987 साली वाटणी झाली, तेव्हा वडिलांच्या वाट्याला रोजमेळ आले आणि काकांच्या वाट्याला खातेवह्या गेल्या. दुकानाच्या जागेवरून जे शब्द तेव्हा बोलले गेले, त्यानंतर दोन्ही घरांत जाणे-येणे राहिले नाही. संवत्सरीला छापील क्षमापना-पत्रिका दोन्हीकडून जात. त्यांवर सही नोकराच्या हातची असे. रोजमेळ सांगतो, कोणत्या दिवशी किती पैसे आले-गेले; त्या माणसाशी आपला संबंध काय, हे खातेवही सांगते. भाऊंपाशी दिवस होते, संबंध नव्हता.

दोन महिने त्यांनी इतर सर्व वाटा चोखाळल्या. तलाठी कार्यालयातून जुने फेरफार मिळविले, नगरपालिकेतून घराचा उतारा काढला, शाळेच्या जनरल रजिस्टरमधून आजोबांची जन्मतारीख मिळविली, पालिकेच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. बरेच हाती लागले. सतरावे पान तेवढे लागले नाही.

त्या वर्षी संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पत्रिका न पाठविता स्वतःच चुलतभावाच्या दारात गेले. हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाले. चुलतभाऊ क्षणभर गोंधळला, मग बाजूला झाला. आत अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या काकीजी माळ घेऊन बसल्या होत्या. पारणे होईपर्यंत दुकानाचा विषय कोणीच काढला नाही. मग भाऊंनी ते नाव विचारले.

“सूरजबाई,” काकीजी तत्काळ म्हणाल्या. “तुमच्या पणजोबांची थोरली बहीण. माझ्या सासूबाई सांगत. याच गावात दिलेली, लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हते. भाऊ दुष्काळातून आला, तर तिने आपले दागिने मोडून त्याला पैसे दिले. बेटा, तुला हे कोणी सांगितले नाही?”

माहेरच्या वंशावळीत मुलगी म्हणून तिला जागा नव्हती आणि सासरच्या वंशावळीत मूल नव्हते म्हणून. चुलतभावाने कपाटातून खातेवही आणली. सतराव्या पानावर तिचे खाते होते. वर्षानुवर्षे व्याज जमा होत गेलेले, क्वचित यात्रेसाठी थोडी उचल. संवत 1983मध्ये तिच्या पश्चात उरलेली सारी रक्कम तिच्या नावे पांजरापोळीला दिल्याची नोंद, आणि खाली खाते बंद केल्याची रेघ. भाऊंनी नातवाला फोन करून त्या मितीचा रोजमेळ पाहावयास सांगितले. रक्कम पैशापर्यंत जुळली.

दुकानाच्या जागेचा वाद त्यामुळे मिटला असे नाही. तो आजही आहे. पण दर रविवारी दोन्ही घरांतील मुले काकीजींपाशी बसतात. एकजण प्रश्न विचारतो, दुसरा ध्वनिमुद्रण करतो. जुन्या छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहिली जात आहेत. वह्यांना चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन करायचे नाही, ओल नसलेल्या जागी सुती कापडात बांधून ठेवायच्या, हे सर्वांनी ठरविले आहे. नवी वंशावळ लिहिताना प्रत्येक व्यक्तीसाठी सारखेच रकाने आखले : नाव, आईचे नाव, जन्म, विवाह, निधन, आणि ही माहिती कोठून मिळाली. मुलगी असो की सून, अपत्य असो वा नसो. त्या वंशावळीच्या दोन प्रती केल्या. एकेक प्रत प्रत्येक घरात.

कुलवृत्तांताचा आरंभ कोठून करावा, असे विचारणाऱ्यांना भाऊ आता एवढेच सांगतात : घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपासून करावा, आणि ती व्यक्ती आपण ज्या घराशी बोलत नाही त्या घरात असेल, तर आधी तेथे जावे. कागद थोडे थांबतील. काकीजी थांबतीलच असे नाही.

दुकानाचा पुढचा भाग पाडला गेला. नव्या दर्शनी भिंतीवर संस्थापकांची नावे कोरविली आहेत. पूर्वी तेथे एकच नाव होते. आता दोन आहेत.