दुर्लक्ष कर, म्हणे!

ऑक्टोबर २००७. वानखेडेवर दौऱ्यावर आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ॲन्ड्र्यू सायमंड्सला माकडाचे आवाज काढून हिणवणारे आपलेच मुंबईकर होते. काहींना पोलिसांनी धरलं. त्याच दौऱ्यात आधी वडोदऱ्यालाही हेच झालं होतं. तिथे मात्र मान्य करायलाच टाळाटाळ. (आणि म्हणे आपण क्रिकेटवेडे!)

हे आठवलं, कारण आज जुहूच्या वाळूत पोरांचा डाव चालला होता. एका सावळ्या पोराला बाकीचे रंगावरून डिवचत होते. त्यांचे सर हसले, वर त्यालाच म्हणाले, "दुर्लक्ष कर."

सोसायचं त्याने, समजूतदारपणाही त्यानेच दाखवायचा? मोठ्या मैदानावर प्रशिक्षकाने पंचांकडे स्वतः जावं, तक्रार स्वतःच्या नावाने द्यावी. खेळाडूने फक्त खेळावं. सर, तुम्ही निदान हसू तरी नका.